धनुर्धराची बाजू

१

"निशिगंधा, माझी नाणी कुणीतरी बदलली," हिम्मतराव बिरादार फोनवर म्हणाले. "पोलिसांत जायचं नाही. तू ये."

गुरुवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते. निशिगंधाने गॅसवरचा चहा तसाच बंद केला आणि सिकंदराबादहून मलकपेठेसाठी रिक्षा धरली. रेल्वेच्या दक्षता विभागात तीस वर्षं काढून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. बनावट पास, गायब झालेल्या फायली, दुसऱ्याच्या नावाने केलेल्या सह्या, असल्या गोष्टींचा माग काढण्यात तिचं आयुष्य गेलं. पण ते आयुष्य आपल्याला मिळालं कुणामुळे, हे ती कधी विसरली नव्हती. कॉलेजचं पहिलं वर्ष संपताच वडिलांनी तिचं शिक्षण थांबवलं, तेव्हा इतिहासाचे बिरादार सर तीनदा घरी आले होते. तिसऱ्या खेपेला वडिलांनीच हात टेकले. "सर, तुम्ही काही पिच्छा सोडत नाही, जाऊ द्या तिला," ते म्हणाले, आणि ती पुन्हा वर्गात जाऊन बसली.

सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत खिडकीशी मोठं टेबल होतं आणि त्यावर सागवानी तबक. तबकात मखमलीचे सदतीस गोल खळगे, प्रत्येकाला नंबर, आणि प्रत्येक खळग्यात नखाएवढं चांदीचं नाणं. सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या इराणी हॉटेलवाल्याने आपल्या आजोबांची निशाणी म्हणून ही नाणी सरांना दिली होती. "माझ्या गल्ल्यात पडून राहतील, तुम्ही त्यांच्याशी बोला," असं म्हणून. पहिली एकतीस पूर्वीच दिली, आणि आठ वर्षांपूर्वी, मरण्याआधी, शेवटची सहा.

ती पार्थियन राजांची नाणी होती. आपल्या जुन्या शिलालेखांत ज्यांना पह्लव म्हटलं आहे, ते हे. इराणात त्यांनी साडेचारशेहून अधिक वर्षं राज्य केलं, रोमला जेरीस आणलं, पण स्वतःचा असा इतिहास मागे ठेवला नाही. मागे राहिली ती मुख्यतः नाणी. त्यातही मेख अशी, की जवळजवळ प्रत्येक राजा नाण्यावर स्वतःचं नाव न घालता घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव घाली, अर्शक. मग कोण कुणाच्या आधी, कुणी कुणाचं राज्य बळकावलं, हे दाढीवरून, मुकुटावरून आणि अक्षरांच्या वळणावरून ओळखायचं. सरांनी त्यात चाळीस वर्षं घातली होती. त्यावरचं त्यांचं मराठी पुस्तक सोमवारी छापखान्यात जायचं होतं.

"नऊ नंबरचं नाणं ते नाहीच," सर म्हणाले. "पुढचीही पाच बदललेली आहेत. खरी नेऊन खोटी ठेवलीत की काय, ते तू बघून सांग."

निशिगंधाने तबकाकडे पाहिलं आणि मग सरांकडे. चाळीस वर्षं असली नाणी हाताळलेला माणूस, नाणी खरी की खोटी, हे तिला विचारत होता.

२

तिने आधी वजनं केली. सरांच्या कपाटात सोनाराचा छोटा काटा होता आणि एका वहीत प्रत्येक नाण्याचं वजन, टवका, डाग, सगळं टिपलेलं होतं. दीड तास ती एकेक नाणं उचलून वहीशी ताडत बसली. सर खुर्चीत हात गुंफून थांबले होते, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"सर, सगळी सदतीस तुमचीच आहेत," ती शेवटी म्हणाली. "एकही खोटं नाही आणि एकही गेलेलं नाही."

सरांनी डोळे मिटले. "देवाची कृपा. मग झालंय काय?"

"नऊ ते चौदा या सहा नाण्यांच्या जागा बदलल्यात. आधी नऊ, दहा, अकराला उंच टोपीच्या राजाची नाणी होती आणि बारा, तेरा, चौदाला उघड्या डोक्याच्या राजाची. आता उघड्या डोक्याचा आधी आहे आणि टोपीवाला नंतर. आणि ही सहाच नाणी उलटी ठेवलीत."

पार्थियन नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा असतो आणि दुसऱ्या बाजूला हातात धनुष्य घेऊन बसलेला माणूस. बाकी एकतीस राजे छताकडे बघत होते. या सहा नाण्यांवर मात्र धनुर्धर वर आला होता.

"खोडसाळपणा आहे," सर म्हणाले. "पुतण्याचं, हर्षदचं काम असेल."

ते चहा ओतायला उठले. कपाच्या कडेच्या आत बोट धरून त्यांनी चहा ओतला आणि बोटाला चटका बसताच किटली सरळ केली. टेबलावर त्यांचं भिंग पडलं होतं. निशिगंधाने ते सहज उचललं, तर काचेवर धुळीचा पातळ थर होता.

"नऊ नंबरचं नाणं बदललंय, हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं," सर म्हणाले.

वहीत लिहिलं होतं, नऊ नंबरच्या नाण्याची कड तुटकी. ते आता बाराव्या खळग्यात होतं. इतक्या वर्षांत ज्यांच्या तोंडून तिने एक खोटा शब्द ऐकला नव्हता, ते सर तिच्याशी खोटं बोलत होते.

३

बुधवारी त्या खोलीत तीन माणसं येऊन गेली होती. पुस्तकाचं टायपिंग आणि फोटो करणारी मानसी दुपारी होती. जुने स्नेही शंकरराव सूर्यवंशी दर बुधवारसारखे चारला आले आणि सहाला गेले. खाली राहणारा पुतण्या हर्षद रात्रीचा डबा घेऊन सातला वर आला. त्यानंतर सरांनी खोलीला कुलूप घातलं, ते आज सकाळीच उघडलं.

मानसी अकराच्या सुमारास आली. विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करणारी, मराठी घरात जन्मलेली पण शाळा सगळी इंग्रजीत झालेली. निशिगंधा तिला गच्चीवर घेऊन गेली.

"मॅडम, मी काही टच केलं नाही, पक्का," मानसी आधीच बोलून गेली.

"मी अजून विचारलंच कुठं? काल शेवटचा फोटो कधी काढलास?"

मानसीने मोबाइल पुढे केला. तीन वाजून पाच मिनिटांनी अख्ख्या तबकाचा फोटो काढलेला होता, आणि त्यात सगळे राजे जुन्या जागी, चेहरा वर. "त्याच्यानंतर सरांनी स्वतः झाकण लावलं. मग मी निघाले, मला बस पकडायची होती."

"बरं. आता दुसरं विचारते. सरांना किती दिसतं?"

मानसी कठड्याकडे वळली. रेसकोर्सच्या बाजूला घारी फिरत होत्या.

"मी प्रॉमिस केलंय त्यांना, मॅडम."

"तू सांगू नकोस. मी सांगते, चूक असेल तर थांबव. भिंगावर धूळ आहे. कप बोटाने मोजून भरतात. तुटक्या कडेवरून नाणं ओळखतात. मला वाटतं, सरांना जवळचं काहीच दिसत नाही."

मानसीने थांबवलं नाही. तिचे डोळे भरून आले. "दीड वर्ष झालं. नाण्यांचं वर्णन मी वाचून दाखवते, ते पाठ असल्यासारखं बोलतात. म्हणाले, पुस्तक होईपर्यंत कुणाला सांगू नको, लोक म्हणतील आंधळ्याने नाणी लावली. मॅडम, माझी थिसिस अडली होती तेव्हा कोणी विचारत नव्हतं. सर रोज फोन करायचे. मी कशी नाही म्हणणार?"

म्हणजे सरांना कुणाचा संशय येण्याआधी स्वतःच्या बोटांचा संशय आला होता. नाणी बदलली, की आपल्यालाच कळेनासं झालं, याची खात्री करायला त्यांनी निशिगंधाला बोलावलं होतं. तिला एकदम त्यांच्या फोनवरचा आवाज आठवला.

तेवढ्यात मानसी हळूच म्हणाली, "पण हर्षदभैयांना विचारा. काल जिन्यात भेटले तेव्हा ते कुणालातरी फोनवर सांगत होते, आज कॉइन्स दाखवतो म्हणून."

४

हर्षद खाली घरूनच काम करत होता. चाळिशीचा, सॉफ्टवेअर कंपनीत. निशिगंधाने दारातच विचारलं, "कॉइन्स कुणाला दाखवलीस?"

त्याने लॅपटॉप मिटला. चेहरा उतरला होता. "काकांना सांगू नका, मॅडम. एका डीलरला व्हिडिओ पाठवला. काकांच्या मागं या नाण्यांचं काय करायचं, मला काही कळत नाही. विकायचा विचार मनात आला, हौ, खोटं नाही बोलणार. पण हात लावला नाही. काका हात धुवायला गेले, तेव्हा झाकण काढून व्हिडिओ काढला आणि परत लावलं. रात्रभर परेशान होतो."

"व्हिडिओ दाखव."

अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता, सात वाजून दहा मिनिटांचा. मोबाइल तबकावरून सावकाश फिरत गेला होता. आठव्या खळग्यानंतर निशिगंधाने तो थांबवला. नऊ ते चौदा, सहा धनुर्धर, आत्ता होते तसेच.

"तू मला फार मदत केलीस, बाळा," ती म्हणाली. हर्षदला काही उमगलं नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी नाणी जुन्या क्रमात होती आणि सात दहाला नव्या क्रमात. हर्षदने स्वतः हलवली असती, तर हा व्हिडिओ त्याने दाखवलाच नसता. मधल्या वेळात त्या खोलीत सरांखेरीज एकच माणूस आला होता, आणि सरांनी त्याचं नाव संशयापुरतंही घेतलं नव्हतं.

शंकरराव सूर्यवंशी. अंबरपेठेत राहणारे, हैदराबादच्या टांकसाळीतून वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, दर बुधवारी सरांना पेपर वाचून दाखवणारे. या माणसाने मित्राची नाणी का हलवावीत?

निशिगंधा पुन्हा वर गेली. भिंग पुसलं, सहाही नाणी खिडकीच्या उजेडात एका ओळीत ठेवली आणि धनुर्धरांकडे बघू लागली. ठेवणाऱ्याला चेहरे दाखवायचे नव्हते. ही बाजू दाखवायची होती.

पहिल्या नाण्यावर धनुष्याच्या टोकापाशी केसाएवढी उंचवट्याची रेघ होती. ओरखडा असेल, म्हणून तिने दुसरं घेतलं. तिथेही रेघ, त्याच जागी, थोडी लांब. तिसऱ्यावर आणखी लांब. चौथं नाणं दुसऱ्या राजाचं, तरी रेघ तीच, आणखी पुढे सरकलेली. सहाव्यावर ती थेट नाण्याच्या कडेला भिडली होती.

ओरखडा खोल असतो, उंच नसतो. आणि सहा नाण्यांवर एकाच जागी पडत नाही.

तिने नाणी सरांच्या जुन्या क्रमाने लावून पाहिली. रेघ वाढत वाढत कडेला गेली आणि मग एकदम आखूड होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. निशिगंधा तशीच उठली आणि अंबरपेठेला निघाली.

५

"या ताई, उन्हाचं आलाव, बसा," शंकररावांच्या पत्नी कोंडाबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. शंकरराव पलंगावर बसले होते. ऐंशीला टेकलेले, बारीक, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. तिला पाहताच ते म्हणाले, "सरांनी पाठवलं?"

"नाही. त्यांच्या मनात तुमचं नाव नाही. मीच आले."

"मग तुम्हाला कळलं."

"अर्धं कळलं. बरोबर आहे का बघा. ज्या ठशाने धनुर्धर उमटवला, त्या ठशालाच भेग गेली होती. भेगेत चांदी शिरली, म्हणून नाण्यावर उंच रेघ आली. दोन्ही राजांच्या नाण्यांना मागच्या बाजूला एकच ठसा वापरला. आणि भेग वाढत जाते."

"भेग भरत नाही, ताई," शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "आमच्या खात्यात त्याला डाय म्हणायचे. चौतीस वर्षं मी डाय घडवल्या, तपासल्या. एकदा चीर गेली की ती पुढंच जाणार. जिची चीर लहान ते नाणं आधीचं, मोठी ते नंतरचं. यात राजा कोण, हे बघायची गरजच नाही. टोपीवाल्याची चीर मोठी आहे. म्हणजे तो नंतर आला. सरांनी पुस्तकात उलटं लिहिलंय. मानसीने मागच्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या फोटोंचे कागद मला बघायला दिले, तेव्हा दिसलं."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

कोंडाबाईंनी पाणी आणून ठेवलं आणि त्याच उत्तरल्या. "पूर्वी येकदा सांगितलं होतं काहीतरी, चार लोकांत. सर बोलले, नाणी पाडणं येगळं आन् वाचणं येगळं. तवापासून हे गप."

"तो राग नाही," शंकरराव घाईने म्हणाले. "नक्को, तसं समजू नका. आमची लेक रूपाली दोन वर्षं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकली. एक पैसा घेतला नाही, वरून जेवू घातलं. आज ती कॉलेजात शिकवते. पहिल्या दिवशी सरांनी तिला पाणी दिलं ते त्यांच्या घरच्या तांब्याने. आमच्या गावात ते दिवस मी पाहिलेत, ताई, जेव्हा आम्हाला पाणी वरून ओतत. त्या माणसाला मी तोंडावर, तुमचं चुकलं, असं कसं म्हणू? आणि पुस्तक छापून आलं असतं, तर ज्याला डोळे आहेत त्याने फोटो बघून हसावं, हेही बघवत नव्हतं. म्हटलं, नाणी नीट लावून ठेवतो. रोज भिंगातून बघतात, त्यांनाच दिसेल, त्यांचा शोध त्यांचाच राहील. परवापासून घोकत होतो. काल ते खिडकी लावायला आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात नाणी लावली."

हा माणूस दीड वर्ष सरांना पेपर वाचून दाखवत होता, ते कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं. वय झालं, कंटाळा येत असेल, एवढंच त्याने धरलं होतं.

"शंकरराव," ती म्हणाली, "सरांना भिंगातून काही दिसत नाही. दीड वर्ष झालं."

शंकरराव उठले आणि चपला शोधू लागले. "चला," ते म्हणाले. "मग त्यांना सांगायला हवं."

६

सर खिडकीशीच होते. मानसी आणि हर्षद दोघंही तिथे आले होते. निशिगंधाने काही लपवलं नाही. मानसीचा फोटो, हर्षदचा व्हिडिओ, मधले चार तास, ठशाची भेग, सगळं तिने सरळ सांगितलं. हर्षदने मान खाली घातली. सर ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आणि सर, तुमचे डोळे. ते मला मानसीने सांगितलं नाही. तुमच्या चहाने सांगितलं."

सरांनी दाराकडे मान वळवली.

"शंकरराव आलेत का?" सरांनी विचारलं.

"आहे ना मी, इथंच."

"ती रेघ उंच आहे म्हणता. नखाला लागेल?"

शंकररावांनी खुर्ची ओढली. पहिलं नाणं सरांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं, त्यांच्या उजव्या हाताचं बोट धरलं आणि नख धनुष्याच्या टोकावर नेऊन टेकवलं. "इथून. हळू. दाबू नका."

सरांचं नख इवलंसं सरकलं आणि थांबलं. दुसरं नाणं आलं, तिसरं आलं. चौथ्या नाण्याला शंकररावांनी हात सोडला. सरांनी स्वतःच टोक शोधलं. सहाव्यावर त्यांचं नख सरकत सरकत कडेवरून खाली घसरलं.

ते पुन्हा पहिल्या नाण्याकडे गेले. तीनदा सगळी ओळ वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव उतरेल, अशी भीती निशिगंधाला होती. पण सरांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"चाळीस वर्षं मी या उघड्या डोक्याच्या राजाला बंडखोर म्हणत आलो," ते म्हणाले. "टोपीवाल्याचं सिंहासन याने बळकावलं, असं तीन प्रकरणांत लिहिलंय. हा तर आधीचा निघाला. बिचाऱ्याचं राज्य गेलं ते गेलं, वर माझी निंदा." थोडं थांबून ते म्हणाले, "शंकरराव, तुमच्यामुळे एका माणसावरचा आळ गेला. आणि मी चारचौघांत खोटा पडायचा वाचलो. मी पूर्वी तुम्हाला काही बोललो होतो. मला आठवतंय ते. विसरलो असतो तर बरं, पण विसरलो नाही. त्याबद्दल माफी मागतो."

"नक्को सर, असं बोलू नका."

"बोलू द्या. आणि हर्षद, इकडे ये. नाणी विकायची की नाही, हे आपण बसून बोलू. आधी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मी भीत होतो, म्हणून गेलो नाही."

"उद्याच जाऊ, काका," हर्षद म्हणाला.

सरांनी छापखान्याला फोन लावायला सांगितलं. पुस्तक सोमवारी येणार नाही, तीन प्रकरणं नव्याने लिहायची आहेत, असं ते जवळजवळ उत्साहाने सांगत होते. मग मानसीला म्हणाले, "वही घे. मुखपृष्ठाचं आधी ठरवू. हिम्मतराव बिरादार, त्याखाली शंकरराव सूर्यवंशी. दोन्ही एकाच आकारात."

शंकरराव उभे राहिले. "मी काय केलं? सहा नाणी हलवली. पुस्तक तुमचं."

"मग ते छापणार नाही," सर म्हणाले. "निशिगंधा, तू ओळखतेस मला. सांग यांना, मी पिच्छा सोडत नाही."

"सोडत नाहीत," निशिगंधा म्हणाली. "आमच्या घरचे साक्षीदार आहेत."

शंकरराव पुन्हा बसले. मग म्हणाले, "लिहायचंच असेल तर नावापुढं काम लिहा. ठसे घडवणारा. आमच्या खात्यात एवढी माणसं राबली, कुणाचंच नाव कुठं लागलं नाही. नाण्यावर कारागिराचं नाव नसतंच."

मानसी वही घेऊन अडली होती. "ठसेमधला ठ कसा काढायचा? मला फोनवर टाइप करता येतं, हाताने नाही."

शंकररावांनी तिच्याकडून वही आणि पेन घेतलं. चौतीस वर्षं धातूत उलटी अक्षरं कोरलेला तो हात कागदावर सुलट अक्षरं सावकाश काढत गेला. सवयीने पेन इतकं दाबून धरलेलं, की कागद फाटतो की काय असं वाटावं. नाव आणि काम लिहून झाल्यावर त्यांनी ते पान वहीतून काढलं आणि सरांच्या हातात दिलं.

सरांनी पान उलटं केलं. मागच्या बाजूला उमटलेल्या उंचवट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, एकेका अक्षरापाशी थांबत, आणि नाव मोठ्याने वाचलं.